देवळामागचा नळ

दिलीप खातूंनी बॉनेट उघडून दांडा खोचला, ऑइलची पट्टी बाहेर ओढली आणि जुन्या बनियनच्या फडक्याला पुसली. पुन्हा आत घातली, पुन्हा काढली, उजेडाकडे धरून पाहिली. ऑइल बरोबर खुणेवर होतं. ते कालही खुणेवरच होतं.

सकाळचे साडेसात वाजले होते आणि कामोठ्याच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आत्ताच पाठ भिजत होती. मे लागून चार दिवस झाले होते. दिलीपरावांनी कूलंट ओतलं, वायपरचं पाणी भरलं, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर ब्रशने खरवडून व्हॅसलीन लावलं. एसीचा गॅस कळंबोलीच्या गोटीराम मिस्त्रीकडून मागच्याच आठवड्यात भरून झाला होता. टायरची हवा काल झाली. पंपावरचा माणूस दरवर्षीप्रमाणे म्हणाला होता, "काका, गरमी आहे, थोडी कमीच ठेवतो, नायतर टायर फुटेल." दिलीपरावांनी तळोज्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं दाबाचे काटे दुरुस्त केले होते. त्यांनी त्याला हाताला धरून दारावरचा तक्ता वाचायला लावला. गाडी रिकामी असताना हवा इतकी, भरलेली असताना इतकी.

"भरलेली," ते म्हणाले होते. "चार माणसं आणि सामान."

ही चार माणसं अजून ठरायची होती.

मुलगा निखिल, सून गीतांजली आणि नऊ वर्षांची नात जाई शुक्रवारी रात्री बंगळुरूहून येणार होती. शनिवारी पहाटे गुहागरजवळच्या गावी निघायचं, आजोबांच्या गाडीने. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं. पण या खेपेला निखिलने पनवेल ते चिपळूण रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती. तीन. "जाई हो म्हणाली तर रद्द करू, बाबा," तो फोनवर म्हणाला होता. "तिच्यावर जबरदस्ती नको."

निखिलचंही काही चुकत नव्हतं. गेल्या वर्षी पेण ते महाड जाईला तीनदा उलटी झाली. चौथ्यांदा ती रडायलाच लागली. गीतांजली काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं दिलीपरावांना जास्त लागलं. परतीच्या वेळी तिघं चिपळूणला रेल्वेत बसली आणि दिलीपराव एकटे गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर एक फणस होता. प्रत्येक वळणावर तो या दारापासून त्या दारापर्यंत गडगडत जायचा. सहा तासांत गाडीत तेवढाच आवाज. कामोठ्याला पोचल्यावर त्यांनी तो फणस वॉचमनला देऊन टाकला.

तसा प्रवास पुन्हा करायचा नाही, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी जाई हो म्हणायला पाहिजे होती.

खोटं कशाला बोला, त्यांचा थोडा अपमानही झाला होता. बावीस वर्षं, आधी ती जुनी घेतलेली पांढरी गाडी आणि मग ही, दिलीप खातूंच्या गाडीत कुणाला गाडी लागली असं कधी झालं नव्हतं. गावी पोचल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या जायच्या, कोकमाचं सरबत यायचं, आणि दिलीपराव पाय पसरून भावांना सांगायचे, "पाच तास चाळीस मिनिटं. देवळं धरून सहा-दहा. माझ्या गाडीत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. विचारा हिला."

आणि सुनीतीबाई ग्लास हातात घेऊन म्हणायच्या, "नाही हो, नाही हलत."

त्या देवळांवरून मात्र नवराबायकोचं दरवर्षी वाजायचं. सुनीतीबाईंची भक्ती एरवी बेताचीच. घरातली पूजासुद्धा दिलीपराव करायचे, त्या फक्त फुलं आणून द्यायच्या. पण गाडी पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागली की त्यांना एकेक देव आठवू लागायचा. कर्नाळ्याची खिंड उतरल्यावरचा मारुती. सुकेळीच्या खिंडीतली देवी. कशेडीचा घाट चढायच्या आधी एक आणि चढल्यावर एक. "नमस्कार करून येते, पाच मिनिटं," म्हणून त्या उतरायच्या, जाईला बोटाला धरून घेऊन जायच्या. दिलीपराव एसी जाऊ नये म्हणून इंजिन चालू ठेवून बसायचे, घड्याळ बघायचे, आणि सहाव्या मिनिटाला दोनदा हॉर्न वाजवायचे.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, चार दिवसांच्या तापात सुनीतीबाई गेल्या. पुढच्या मे महिन्यात कुणीच गावी गेलं नाही. त्याच्या पुढच्या मे महिन्यात जाईला गाडी लागली.

याचा अर्थ दिलीपरावांनी सरळ लावला होता. घरात कामाची वाटणी ठरलेली होती. "गाडी तुमची, माणसं माझी," सुनीतीबाई म्हणायच्या. म्हणजे गाडीचं सगळं ते जाणत होते, आणि माणसांना प्रवासासाठी तयार करायचा काहीतरी उपाय सुनीतीकडे होता, जो ती सांगून गेली नाही. तो सापडला की झालं. काटा बिघडला तर कारण असतंच, शोधलं की सापडतं.

त्यांनी बॉनेट लावलं आणि डिकीतून नवी बाटली काढली. मोगऱ्याच्या वासाची, पिवळ्या पाण्याची. दर मे महिन्याला ते एक नवी बाटली आणायचे आणि डॅशबोर्डवर बरोबर मधोमध चिकटवायचे. सुनीतीबाई बसता बसता म्हणायच्या, "त्याचं झाकण जरा लावून ठेवा ना." काटकसरी बाई. वास उडून जाईल याची काळजी, असं ते समजायचे. त्यांनी झाकण काढलं, बाटली चिकटवली, डॅशबोर्डला पॉलिश मारलं. डाव्या बाजूचं पायाखालचं मॅट काढून झटकलं. ते एकाच जागी झिजून भोकाला आलं होतं. मागचंही असंच झिजलं होतं. हल्ली रबर काही चांगलं येत नाही.

गेटपाशी सावलीत सगुणाबाई बसल्या होत्या. ही सोसायटी उभी राहिली तिथे पूर्वी त्यांची भातखाचरं होती. आता त्यांचे इथे दोन फ्लॅट होते, पण त्यांचा दिवस गेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतच जायचा.

"काय भाऊ, गारी परत धुतली? नात येनार हाय ना?"

"येणार आहे. सगुणाबाई, एक विचारू? प्रवासात गाडी लागू नये म्हणून सुनीती काय करायची, तुम्हाला कधी बोलली का?"

सगुणाबाईंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "माझी सासू पोटाला पेपर बांधायची. लगनाला टेम्पोन जाताना आमाला सगल्यांना. बाप्ये हसायचे."

"आणि सुनीती?"

"वहिनी काय करनार? गावाला जायाचं म्हंटलं का ती दोन दिस जेवायचीच नाय. मी म्हनायची, अगो खा काईतरी, तर म्हने नको, परवा निघायचंय."

तयारीच्या गडबडीत जेवण राहून जात असेल, दिलीपरावांना वाटलं. त्यांनी पेपरचं तेवढं लक्षात ठेवलं.

वर येऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी खाली काढली. प्रवासाची पिशवी. ती तिथेच असायची आणि मेमध्येच खाली यायची. आत आवळासुपारीचा डबा होता, सुपारी कोळशासारखी कडक झालेली. दोन नॅपकिन. वर्तमानपत्राच्या घडी घालून केलेल्या आठ-दहा पुड्या, त्यांच्यात एकेक प्लास्टिकची पिशवी. आणि एक सुई टोचलेली सुताची गुंडी, ती कशाला कोण जाणे. उपाय म्हणावा असं काही नव्हतं. तरी दिलीपरावांनी बाजारात जाऊन नवी आवळासुपारी आणली, आल्याच्या वड्या आणल्या, सहा लिंबं आणली, औषधाच्या दुकानातून मुलांची गोळी आणली. सगळं टेबलावर मांडलं आणि जाईला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, ही तुझी खिडकीची सीट. मी नवं कव्हर घातलंय," असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, त्यासाठी गाडीचा फोटोही काढून ठेवला होता. पण पडद्यावर जाईचा चेहरा आला तोच ओढलेला.

"आजोबा, तुम्ही रागावणार नाही ना?"

जाई आजीला 'अगं' म्हणायची आणि आजोबांना 'अहो'. कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही रागावणार. बोल."

"मला ट्रेन चालेल. खरंच चालेल."

दिलीपरावांनी टेबलावरची लिंबं उगाच एका रांगेत लावली. "जाई, आजी असताना तुला कधी गाडी लागली नाही. ती काय द्यायची तुला? गोळी द्यायची? आलं द्यायची? आठवून सांग. मी अगदी तस्संच करतो."

"लागायची की."

"कधी?"

"नेहमीच. आम्ही दोघी देवळाच्या मागे जायचो ना."

"दोघी म्हणजे, आजी तुला घेऊन जायची."

"नाही हो. तिला पण उलटी व्हायची. आधी ती, मग मी. कधी कधी आधी मी." जाईला जरा हसू आलं. "मग आम्ही चूळ भरायचो, ती माझं तोंड पुसायची, मी तिचं पुसायचे. मग तुमचा हॉर्न वाजायचा."

दिलीपरावांनी रांगेतलं एक लिंबू उचललं आणि परत ठेवलं.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? तिने सांगितलं होतं, आजोबांना कळू द्यायचं नाही. ते आपल्याला न्यायला मिळावं म्हणून वर्षभर त्या गाडीसाठी राबतात. त्यांना वाईट वाटेल." मग एकदम तिच्या लक्षात आलं असावं. "आता सांगितलं तर चालतं ना?"

"चालतं," दिलीपराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना आधी राग आला. इतकी वर्षं भावांसमोर मी 'विचारा हिला' म्हणत राहिलो आणि ही ग्लास धरून मान डोलवत राहिली. एकदा, एकदा सांगायला काय झालं होतं? मग त्यांना स्वतःचाच आवाज आठवला, पहिल्याच वर्षीचा. अंगणात खुर्च्या, सरबत, पोटातलं पाणी. तो प्रश्न नव्हताच. त्यात उत्तराला जागाच ठेवलेली नव्हती. एकदा 'नाही हलत' म्हणून बसल्यावर दुसऱ्या वर्षी ती काय वेगळं सांगणार होती? त्यांना लाज वाटली. रागापेक्षा ती फार उशिरा आली, पण आली ती तिथेच राहिली.

दुपारी ते पुन्हा खाली गेले आणि गाडीच्या डाव्या सीटवर बसले. स्वतःच्या गाडीत ते कधी तिथे बसलेच नव्हते. समोरचा कप्पा उघडला. गाडीची कागदपत्रं, टॉर्च, आणि मागे कोपऱ्यात मोगऱ्याच्या जुन्या बाटल्या. पाच. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या बाटल्या मेच्या शेवटी संपून जात होत्या. सगळ्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या. झाकणं घट्ट लावलेली, आणि झाकणाभोवती पांढरं सूत गुंडाळून गाठ मारलेली.

ती सुताची गुंडी कशाला, ते त्यांना कळलं.

संध्याकाळी ते सगुणाबाईंच्या सुनेकडे गेले. संध्या गाडी शिकवायचे क्लास चालवायची. कामोठ्यातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्या होत्या.

"संध्या, उद्या सकाळी तासभर आहेस का? माझी गाडी चालवायचीय. मी बाजूला बसणार."

"तुमी बाजूला?" संध्या हसली. "काका, तुमी तर सोसायटीत कुनाला रिव्हर्ससुद्धा मारू देत नाय."

"मी चालवतो तशी चालव. काचा बंद, एसी चालू. कर्नाळ्यापर्यंत."

गुरुवारी सकाळी सात वाजता ते निघाले. कळंबोली सोडून पळस्प्यापर्यंत दिलीपराव ताठ बसले होते. दारं बंद, डॅशबोर्डवर मोगरा, पॉलिशचा वास. संध्या नीट चालवत होती. नीट चालवते म्हणून त्यांनी तिला दोनदा टोकलं. मी इतका लवकर ब्रेक मारत नाही. मी इथे ओव्हरटेक करतो. संध्याने खांदे उडवले आणि ते म्हणाले तसं केलं. एक ट्रक समोर मोठा होत होत आला आणि दिलीपरावांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन मॅटवर दाबला गेला. पायाखाली ते भोक लागलं.

"सवय नाय ना तुमाला," संध्या म्हणाली. "मी पंधरा वर्षं डाव्या सीटवर बसते काका. पण माझ्या पायाखाली ब्रेक असतो."

खिंड चढून उतरले. दिलीपरावांना काही झालं नाही. त्यांनी तिला गाडी वळवून परत वर घ्यायला लावली, परत खाली. तिसऱ्या खेपेला मोगऱ्याचा वास नाकातून घशात उतरला. तोंडात पाणी सुटू लागलं. कानामागे गार घाम आला. त्यांनी समोर पाहायचा प्रयत्न केला तर काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब हलत होतं, त्यांनीच मारलेल्या पॉलिशमुळे. बोलायला तोंड उघडावं तर धीर होईना. संध्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढं मारुतीचं देऊळ हाय. तिथं घेते."

गाडी थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं. देवाकडे न पाहता ते सरळ देवळाच्या मागे गेले. मागे एक करंजाचं झाड होतं आणि कमरेएवढी भिंत. भिंतीला हात टेकून ते वाकले.

बराच वेळ गेला. भिंतीच्या कडेला एक पितळी नळ होता, वर ठेवलेल्या टाकीतून आलेला. त्यांनी चूळ भरली, तोंड धुतलं, मानेवर पाणी मारलं. पाणी गार होतं. हीच ती जागा. भिंतीला इथेच हात टेकून ती उभी राहत असणार, एका हाताने नातीचं कपाळ धरून. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना एकदा झालं तर उभं राहवत नव्हतं. तिला जाताना चारदा, येताना चारदा. आणि पुढे रस्त्यावर गार हवेत बसून कोणीतरी घड्याळ बघायचं.

त्यांनी नळ बंद केला. तो नीट बंद होईना. थेंब थेंब गळत राहिला, खाली दगडावर शेवाळ धरलं होतं. ते हॉर्नची वाट बघत असल्यासारखे उभे राहिले. हॉर्न वाजला नाही. पंधरा मिनिटांनी ते पुढे आले तेव्हा संध्या इंजिन बंद करून, चारही काचा खाली करून, देवळाच्या पायरीवर बसली होती.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाय."

परत येताना त्यांनी मोगऱ्याची बाटली उपटून काढली. पळस्प्याच्या अलीकडे ती एवढंच म्हणाली, "तुमी ब्रेक फार उशिरा मारता काका. मागं पन एकदा सांगनार होते."

त्या संध्याकाळी त्यांनी जाईला फोन केला.

"जाई, तुम्ही ट्रेननेच या. मी बाबाला सांगितलंय, तिकिटं रद्द करू नको."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं," ते म्हणाले. "आणि आज मलापण गाडी लागली."

"खरंच?" तिचा आवाज एकदम जवळ आला. "कुठे?"

"कर्नाळ्याला. तुमच्या देवळामागे."

"तिथलं पाणी गार असतं ना?"

"हो. पण नळ गळतो."

"तो पहिल्यापासून गळतो," जाई म्हणाली. "आजी दर वर्षी म्हणायची, तुझ्या आजोबांना सांगितलं तर एका मिनिटात नीट करतील. पण त्यांना सांगायचं कसं?"

शनिवारी पहाटे दिलीपरावांनी तिघांना पनवेल स्टेशनवर सोडलं. पंधरा मिनिटांचा रस्ता. जाई पुढे डावीकडे बसली होती, काच पूर्ण खाली. गाडीत शिरल्याबरोबर ती म्हणाली होती, "वास नाहीये." बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. निखिल सामान उतरवताना म्हणाला, "बाबा, तुम्ही पण आमच्याबरोबर आला असता, गाडी कशाला?" गावी बाजारहाटाला गाडी लागते, असं काहीतरी ते बोलले. गीतांजलीने वाकून नमस्कार केला. जाईने खिशातून आवळासुपारीची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"तुम्हाला लागली तर."

मग ती तिघं जिन्याने वर गेली. गाडी हलकी झाल्याचं दिलीपरावांना स्टिअरिंगवरच कळलं. चार माणसांची हवा भरलेले टायर प्रत्येक खड्ड्याला उडत होते. पळस्प्याला पंपावर थांबून त्यांनी हवा कमी करून घेतली. पंपवाल्याने विचारलं, "काका, किती माणसं?"

"एकच," ते म्हणाले.

खिंड उतरल्यावर त्यांनी गाडी देवळापाशी घेतली आणि इंजिन बंद केलं. उतरून डावीकडे गेले, डावं दार उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. डिकीतून पाना, पक्कड, सुताचा दोरा आणि वॉशरचा डबा काढून ते मागे गेले.

एका मिनिटाचं काम नव्हतं ते. टाकीचा कॉक गंजून बसला होता. तो फिरवता फिरवता त्यांच्या हाताला फोड आला. नळ सोडवला तर आतल्या वॉशरचा चुराच बाहेर पडला आणि आटेही झिजलेले निघाले. त्यांनी आट्यांवर दोरा गुंडाळला, नवा वॉशर बसवला, पुन्हा आवळला. पाणी सोडलं तर बाजूने फुटलं. पुन्हा सगळं सोडवलं. ऊन करंजाच्या पानांतून खाली येऊन त्यांच्या मानेवर बसलं. दोनदा त्यांना वाटलं की असू दे, तसाही कुणाला फरक पडत नाही. पण मग ती भिंत दिसायची, आणि ते पुन्हा पाना उचलायचे.

तिसऱ्यांदा नळ बसला. त्यांनी तो पूर्ण सोडला, चूळ भरली, तोंड पुसलं आणि बंद केला. मग समोर उकिडवे बसून थेंब पडतो का बघत राहिले.

फोन वाजला. निखिल होता, मागे रेल्वेचा खडखडाट.

"बाबा, आम्ही कोलाडच्या पुढे आलो. तुम्ही कुठपर्यंत पोचलात?"

"कर्नाळ्याला आहे."

"अजून? दोन तासांत? गाडी बिघडली का?"

दिलीपरावांनी नळाकडे पाहिलं. थेंब नव्हता.

"गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी जरा उशिरा पोचेन. वाटेत आणखी तीन ठिकाणी थांबायचंय."